ब्रेक दाबला की वायपर

आमची जीप पंचवीस वर्षांची आहे. मागच्या पावसाळ्यानंतर तिचं डोकं फिरलं. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. हॉर्न दाबला की आतला दिवा विझायचा. डावा इंडिकेटर लावला तर दोन्हीकडचे मिणमिणायचे, त्यामुळं मागून येणाऱ्याला कळायचं नाही की आम्ही डावीकडं चाललो, उजवीकडं चाललो, की कुठंच नाही. पुढचे दिवे लावले की डिझेलचा काटा वर चढायचा. दिवे लावले की टाकी भरते अशी गाडी नायगाव तालुक्यात आमची एकटीच असावी.

सगळ्यात वाईट सेल्फचं होतं. चावी फिरवली की टक. एकदाच टक, मग काही नाही.

गाडी माझ्या नावावर आहे. माझे मालक, म्हणजे सुधाकरचे वडील, असताना त्यांनी ती लातूरहून घेतली, म्हणून कागद लातूरचे आणि पासिंगही लातूरला. चालवतो बालाजी. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, वय अठ्ठेचाळीस. बाळंतिणीला दवाखान्यात नेणं, बाजाराला भाजी नेणं, लग्नाचं वऱ्हाड नेणं, सगळं तोच करतो. त्याचं घर ह्या गाडीवर चालतं. माझा मुलगा सुधाकर हैदराबादला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, ह्या वेळी पासिंग झालं न्हाई तर सरळ भंगारात दे. मी माणूस बघून ठेवलाय." बालाजी तिथंच उभा होता. फोनचा आवाज मोठा असतो.

शेजारच्या कोंडाबाईचं म्हणणं, कोणीतरी गाडीवर भानामती केली. गाडी अमावस्येनंतरच जास्त बिघडते, हे तिनंच आधी ओळखलं. मी कॅलेंडर काढून बघितलं. तिचं खरं होतं. अमावस्या झाली की तीन-चार दिवस गाडी सगळ्यात वाईट. पण मला भानामती पटत नाही. मला माणसाची चूक पटते, आणि माणूस समोरच होता.

पारावर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी बालाजीला म्हणाले, "अमावस्येला तू काय पितूस काय करतूस मला ठाव न्हाई. पण गाडी तुझ्या हातानं नासली." बालाजी पीत नाही हे मला माहीत होतं. तरी म्हणाले. चावी काढून घेतली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. तेव्हापासून गाडी काढायची असली की तो माझ्याकडं चावी मागायचा, आल्यावर परत आणून द्यायचा. तीन महिने असं चाललं. एकदाही उलट बोलला नाही. मला त्याचाही राग आला.

कोंडाबाईचं एक मात्र ऐकलं. दर अमावस्येला मी गाडीपुढं एक नारळ फोडत असे, ते दोन केले. नारळानं कोणाचं नुकसान होत नाही.

पासिंगची तारीख शुक्रवारची मिळाली. नेमकी त्याच आठवड्यात सोमवारी वेळ अमावस्या. ज्यांना हा सण माहीत नाही त्यांना सांगते. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, त्यात पाच दगडांचे पांडव मांडतात आणि भज्जी, उंडे, आंबील पोट दुखेपर्यंत खातात. आम्हीही गेलो, जेवलो, पूजा केली. मंगळवारी सकाळी चावी फिरवली. टक.

मंगळवार, नांदेड

वाटेत नांदेडला गाडी दाखवायची आणि मग लातूर गाठायचं असं ठरलं. आमचं घर चढावर आहे, म्हणून बरं. बालाजीनं गाडी उतारावर सोडली, दुसरा गिअर टाकला, गाडी चालू झाली. तिथून आमच्या प्रवासाचा नियम ठरला. जिथं उतार तिथंच थांबायचं. चहा कुठं चांगला मिळतो ते बघायचं नाही. नायगावच्या पुढं जिथं थांबलो तिथला चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी होतं, पण उतार चांगला होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूला ज्वारी छातीएवढी झाली होती. तुरी वाळायला आल्या होत्या. बाया हरभऱ्याचे ढाळे घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. मी एक जुडी घेतली आणि सोलत बसले. प्रत्येक गतिरोधकाला बालाजी ब्रेक दाबायचा आणि कोरडा वायपर धुळीच्या काचेवरून करकरत जायचा. एका मोटारसायकलवाल्यानं आमचा वायपर बघितला, मग मान वर करून आभाळ बघितलं, मग तळहात पुढं केला. आभाळ निळं होतं. तो बराच वेळ आमच्याकडं वळून बघत होता.

नांदेडला वळणरस्त्यावर एक मोठं दुकान आहे. काचेचं दार, आत फरशी. पोरगा तिशीचा, हातात रबरी मोजे. त्याच्याकडं पाटीएवढं एक यंत्र होतं. ते गाडीला जोडलं की गाडीचा आजार त्यावर उमटतो म्हणाला. तो स्टिअरिंगच्या खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत होता.

"आजी, ह्याला सॉकेटच न्हाई."

"मग लाव."

"लावायचं नसतंय. कंपनीतूनच यावं लागतंय."

"आता कंपनीत घेऊन जाऊ का हिला?"

तो हसला. बालाजीला म्हणाला, "पूर्ण वायरिंग नवं करावं लागंल. आठ दिवस सोडा."

"शुक्रवारी पासिंग हाय," बालाजी म्हणाला.

"मग बॅटरी बदलून बघू. कमजोर वाटून राहिली."

बॅटरी बदलली. सेल्फ पहिल्या चावीला लागला. ब्रेक दाबला, वायपर गप्प. दिवे लावले, काटा जागेवर. मी बालाजीकडं बघितलं.

"बॅटरीच होती. तू कधी बघितलीच न्हाईस."

"बघितली व्हती मावशी. दर महिन्याला पाणी भरतो."

"भरलं असतं तर अशी झाली असती का?"

त्यानं बॉनेट लावलं. नवी वस्तू घेतली की नारळ फोडायचा असतो. वाटेत लागतील म्हणून मी थैलीत दोन आणले होते. एक तिथंच फोडला. नारळ फोडायला हात लागतो, बालाजीला ते जमत नाही, त्याचे तुकडे होतात. माझ्या हातून सरळ दोन वाट्या पडल्या. मोजेवाल्यानं मोजे काढून हात जोडले आणि खोबरं खाल्लं.

मुक्काम माझ्या चुलत बहिणीकडं होता. तिच्या गल्लीत उतार नाही, पण आता उताराची गरज नाही म्हणून दारातच गाडी लावली. नांदेडात आता सगळे पोळ्या खातात. बहिणीनं माझ्यासाठी मुद्दाम भाकरी केली. तिची मोडलेली सवय भाकरीत दिसली. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू काही बदलणार न्हाईस." आणि अजून एक वाढली.

सकाळी चावी फिरवली.

टक.

बुधवार, देगलूर

गल्लीतल्या सहा जणांनी धक्का मारला. त्यात एक नवरदेव होता, हळद लागलेला. त्याची आई त्याला ओढत होती आणि तो म्हणत होता, "थांब गं, चालू होऊन राहिली." झाली चालू.

गाडी बंद न करता आम्ही जुन्या सुट्या भागांच्या दुकानापुढं उभे राहिलो. दुकानदार म्हातारा सरदारजी. बालाजीनं सगळं सांगितलं. सरदारजीनं इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "माझ्याकडून काही घेऊ नका. घ्याल आणि तसंच राहील. देगलूरला जा. बाजाराच्या मागं करीम उस्ताद हाय. तो गाडी उघडायच्या आधी माणसाला बोलता करतो."

वस्तू विकायची नाही म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला, म्हणून त्याचं ऐकलं. देगलूर म्हणजे लातूरच्या सरळ वाटेवर नाही. आल्या वाटेनं परत जायचं, नरसीहून खाली उतरायचं. पण लातूरला असं वायपर हलवत गेलो असतो तरी काय झालं असतं? भंगारवाला सुधाकरनं बघून ठेवलेलाच होता.

वाटेत बालाजी एकदाच बोलला. "मावशी, पासिंग न्हाई झालं तर मी वीटभट्टीवर ट्रॅक्टरला जाईन. विचारून ठेवलंय."

"आधी देगलूर येऊ दे," मी म्हणाले.

देगलूरला बोली बदलते. केळी घेतली तर बाईनं मोजली तेलुगूत, भाव सांगितला मराठीत आणि नवऱ्याला हाक मारली कन्नडमध्ये. तिन्ही भाषांत ती माझ्यासारखीच ओरडत होती. मला बरं वाटलं.

उस्तादाचं दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि पुढं एक लिंबाचं झाड. जमीन ताटासारखी सपाट. बालाजी म्हणाला, "इथं बंद केली तर इथंच राहावं लागंल."

"बंद कर," मी म्हणाले.

करीम उस्ताद माझ्याच वयाचा असेल. वाळका माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. हातात एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच हत्यार. त्यानं बॉनेट उघडलं नाही. दोन स्टुलं झाडाखाली टाकली.

"बैठो अम्मा."

"अम्मा कशाला? मी तुझ्याहून ल्हान असंन."

"अम्मा बोलने को उमर कायकू लगती?" तो म्हणाला आणि समोर खाली बसला. "हां, अब बोलो. कबसे?"

मी सांगायला लागले. पावसाळ्यापासून, बॅटरी नवी, वायपर असा, काटा तसा. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "गाडी चलाता कौन?"

"हा."

"तो इसकू बोलने दो."

मी गप्प बसले. मला ते जमत नाही, पण बसले. उस्तादानं बालाजीला विचारायला सुरुवात केली. थंड असताना जास्त होतं की गरम असताना? धुतल्यावर होतं का? खड्ड्यातून गेल्यावर कधी आपोआप बरं होतं का? बालाजी बोलायला लागला आणि थांबेना. तीन महिन्यांत तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. खड्डा लागला की कधीकधी वायपर थांबतो. कोरड्या हवेत कमी होतं. सेल्फ दोन-तीनदा मारला की ॲक्सिलेटरची केबल तापते, एकदा बोटं भाजली.

उस्तादाचे डोळे मोठे झाले. "केबल तापते? पक्का?"

"हाव. तापते."

मी म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं व्हतं मावशी. तुम्ही म्हणालात, पाय हलका ठेव."

उस्तादानं माझ्याकडं बघितलं नाही. तेवढ्यात घरातून त्याच्या बायकोनं ताटं पाठवली. खिचडी आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ पाणी, त्यात वाटलेले तीळ आणि कांदा. आम्ही खिचडी आजाऱ्याला देतो, हे पाहुण्याला देतात. मी दोनदा घेतली. खट्टा घरी करून बघितला, तसा झाला नाही. चिंच जुनी लागते असं वाटतं.

जेवून हात धुतले, मग उस्ताद उठला. शेडमधून मनगटाएवढी जाड दिसणारी एक वायर आणली, दोन टोकांना चिमटे. बॉनेट उघडलं. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा थेट इंजिनाच्या लोखंडाला.

"मार सेल्फ."

मी बालाजीला चावी दिली. गाडी एका झटक्यात लागली.

"ब्रेक." वायपर हलला नाही. "लाइट." काटा हलला नाही. "हॉर्न." दिवा विझला नाही. त्यानं चिमटा काढला. "ब्रेक." वायपर फिरला. पुन्हा लावला. थांबला. त्यानं असं तीनदा केलं. मला वाटतं तिसऱ्यांदा त्याची स्वतःची हौस म्हणून.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि ते मी सांगते, कारण नांदेडच्या यंत्रापेक्षा ते मला जास्त कळलं. करंट बॅटरीतून निघतो, दिव्यात जातो, हॉर्नमध्ये जातो. पण काम झालं की त्याला परत बॅटरीत जावं लागतं. जायची वाट सगळ्यांची एकच, गाडीचं लोखंड आणि तिथून एक जाड वायर. तिला अर्थिंग म्हणतात. "समझो गाव का पूल गिर गया," उस्ताद म्हणाला. "लोगां घर तो जायेंगे ना? तुमच्या अंगणातून जातील, शेजाऱ्याच्या परसातून जातील. तुम्हारे ब्रेक का करंट वायपर के घर में से जा रहा. सेल्फ का बडा करंट केबल में से जा रहा, इसलिए तापते."

मग तो जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. डाव्या बाजूला, बॅटरीच्या खाली, ती जाड वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टानं कसलेली असते. पाना लावला तर बोल्ट फिरला नाही, चुरा होऊन खाली पडला. वायरीच्या टोकावर हिरवं-पांढरं काहीतरी जमलं होतं, भिंतीला लोणा लागतो तसं. नांदेडला बॅटरी बदलताना ही वायर हलली म्हणून एक दिवस पकड आली होती, उस्ताद म्हणाला. एवढंच.

त्यानं ते टोक नाकाशी नेलं.

"ये बारिश का काम नहीं," तो म्हणाला. "इसमें चिकट है. खट्टी बास है. इसके ऊपर डालते क्या?"

त्यानं बालाजीला विचारलं होतं. बालाजी लिंबाच्या झाडाकडं बघत होता. झाडात बघण्यासारखं काही नव्हतं.

मला कळलं. बालाजीला माझ्या आधी कळलं असावं. मी गाडीजवळ गेले. मग म्हणाले, "नारळ."

"कहाँ?"

मी दाखवलं. पुढच्या बंपरचं डावं टोक. तिथं लोखंड जाड आहे, एका दणक्यात फुटतो. पाणी टोकावरून पट्टीवर, पट्टीवरून चासीवर जातं. ते मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

"महिने में एक?"

"आता दोन. आधी एक."

"कबसे?"

"मालक गेले तेव्हापासून. अकरा वर्षं."

"और?"

"और काय?"

"खट्टी बास नारियल की नहीं, अम्मा."

मी म्हणाले, "वेळ अमावस्येला आंबील शिंपडतो." आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचं आंबवलेलं ताक, त्यात मीठ, लसूण. पिकावर शिंपडायची, पूर्वी बैलांवर आणि औतांवरही शिंपडायचे. आमच्याकडं आता बैल नाहीत. जीप आहे.

"कित्ता?"

"तांब्याभर."

"दोन तांबे," बालाजी म्हणाला. झाडाकडं बघतच म्हणाला.

उस्ताद हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अम्मा, पन्नास साल से ये काम कर रहा. उंदरानं मारलेली गाडी बघितली, दारुड्यानं मारलेली बघितली. खिला-पिला के मारी हुई पहली बार देख रहा."

मग तो कामाला लागला. बालाजी त्याच्याबरोबर गाडीखाली गेला. दोघांनी चासी पॉलिश पेपरनं घासून भांड्यासारखी चकचकीत केली. नवी जाड वायर उजव्या बाजूला कसली, तिच्यावर ग्रीस थापलं. इंजिनापासून चासीपर्यंत आणखी एक वायर टाकली. गाडीखालून दोघांचे पाय दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं. मला कोणी काही विचारत नव्हतं. मी स्टुलावर बसून कालचे उरलेले ढाळे सोलले आणि सगळे एकटीनं खाल्ले.

निघताना मी विचारलं, "मग आता पूजा करायची न्हाई का?"

"कायकू नहीं?" उस्ताद म्हणाला. "पूजा करो. फूल डालो. नारियल पत्थर पे फोडो, आंबील खेत में डालो. गाडी को सिर्फ डिझेल पिलाओ."

मुक्कामाला एका लॉजवर उतरलो. बालाजीनं नेहमीप्रमाणं चावी आणून माझ्या हातात दिली. मी सवयीनं पिशवीत टाकली. पिशवी जड लागली असं मी म्हणणार नाही. चावी तेवढीच होती.

गुरुवार, उदगीर आणि पुढं

ह्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण गाडी नीट चालली. ब्रेक दाबला की गाडी थांबली. दुसरं काही झालं नाही.

आता चहा चांगला बघून थांबता येत होतं. तरी उदगीरच्या अलीकडं बालाजीनं गाडी उतारावरच लावली आणि मागच्या चाकाला दगड शोधायला लागला. मग थांबला, दगड टाकून दिला. समोरच्या हॉटेलात सुशीला मिळाला. हे बाईचं नाव नाही. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देतात, वर दाण्याचं कूट. पुण्या-मुंबईच्या माणसांना हे नाव ऐकून हसू येतं. त्यांच्या पोह्यांपेक्षा हे बरं असतं आणि पोटाला हलकं असतं.

उदगीर सोडल्यावर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"उस्तादानं वास घेतला तवा."

"मग झाडाकडं काय बघत व्हतास?"

"तुमच्याकडं बघवंना."

दोन-तीन गावं गेली. उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या, वेग कमी होता.

"बालाजी, पारावर मी जे बोलले ना,"

"मावशी, गतिरोधक हाय. धरून बसा."

मी धरून बसले. गतिरोधक गेला.  लातूर आलं.

शुक्रवार, लातूर

पासिंगच्या मैदानाबाहेर सकाळपासून रांग होती. टेम्पो, रिक्षा, शाळेच्या गाड्या. फाटकाशी नारळवाला बसला होता आणि त्याचा धंदा जोरात होता. जो तो पासिंगच्या आधी नारळ फोडत होता. कोणी चाकापुढं, कोणी बंपरवर. माझ्या थैलीत उरलेला एक नारळ होता. बालाजी मधूनमधून थैलीकडं बघत होता. मी थैलीचं तोंड बांधलं.

आमच्या पुढचा टेम्पोवाला तिशीतला होता, कपाळाला गंध. त्यानं नारळ उचलला आणि बंपरच्या टोकावर नेमका धरला.

"तिथं नको फोडू," मी म्हणाले.

"आजी, शास्त्र असतंय."

"बॅटरी कुठं हाय तुझी?"

त्यानं नारळ तसाच धरून विचार केला. "हितंच, खाली."

"मग पलीकडच्या दगडावर फोड. तिथं पण शास्त्रच हाय."

तो बालाजीकडं बघायला लागला. बालाजी म्हणाला, "ऐक दादा. आम्ही देगलूरला जाऊन शिकून आलो." तो दगडाकडं गेला.

गाडीमालकांना आत सोडत नाहीत. मी कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिले. साहेब चष्मेवाले, तरुण. हातातल्या कागदावर बघून एकेक सांगत होते. बालाजीची मान ताठ होती. एरवी तो जरा वाकून बसतो.

"डावा इंडिकेटर." फक्त डावा लागला.

"उजवा." फक्त उजवा.

"हॉर्न." वाजला.

"हेडलाइट." लागले. काटा मला तिथून दिसत नव्हता. बालाजीनं खाली बघितलं आणि लगेच वर बघितलं, त्यावरून कळलं.

"ब्रेक."

मी वायपरकडं बघितलं. तीन महिने मी त्याच्याकडं बघत होते. तो काचेच्या खाली आडवा पडून होता.

"वायपर," साहेब म्हणाले. मग तो उठला, दोन फेऱ्या मारल्या आणि परत झोपला.

साहेबांनी पुढं जा म्हणून हात केला. त्यांना काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. जाळीच्या तारा माझ्या हातावर उमटल्या होत्या, ते नंतर दिसलं.

दुपारपर्यंत कागद झाले. पाच वर्षं गाडीला कोणी भंगार म्हणू शकत नाही. बालाजीनं सुधाकरला फोन लावला, मी बोलले. "झालं," म्हणाले. "त्या भंगारवाल्याला सांग, दुसरीकडं बघ म्हणून."

बालाजीनं चावी पुढं केली.

"ठेव तुझ्याकडं," मी म्हणाले. "माझ्या पिशवीला भोक पडलंय."

त्यानं पिशवीकडं बघितलं. पिशवी चांगली होती, गेल्या दिवाळीला शिवलेली. "हाव मावशी," तो म्हणाला आणि चावी शर्टाच्या खिशात टाकली. खिशाचं बटण लावलं. मग आम्ही लातूरच्या बाजारात शेंगदाण्याची चटणी घेतली. ती लातूरची चांगली असते, कोणी गेलं तर आणावी.

शनिवार, घरी

गावात शिरलो तेव्हा दिवस कलत होता. पारावर तीच चार माणसं बसली होती आणि कोंडाबाई त्यांच्यापुढं उभी राहून काहीतरी सांगत होती. मी बालाजीला म्हणाले, "घरी नको. इथं थांबव."

"इथं उतार न्हाई मावशी."

"म्हणूनच."

त्यानं गाडी बंद केली. मग चावी फिरवून चालू करून दाखवली. पहिल्या झटक्याला लागली. माणसं उठून आली. ब्रेक दाबायला लावला, इंडिकेटर लावायला लावले. वायपर हलत नाही म्हटल्यावर एकाला जरा वाईट वाटलं असावं. त्याची दोन नातवंडं तो वायपर बघायला यायची.

बालाजी म्हणाला, "वायर तुटली व्हती. जुनी झाली व्हती." एवढं बोलून तो बॉनेट पुसायला लागला. मला त्याचं नेहमी हेच चुकतं असं वाटतं.

कोंडाबाई माझ्याजवळ सरकली. आवाज खाली केला, पण तिचा खालचा आवाजही पारापर्यंत जातो. "वायर काय, ते वरचं. खरं काय निघालं ते सांग. सापडला का, कोणी केली व्हती?"

"सापडला," मी म्हणाले.

चारही माणसं पुढं सरकली. बालाजीचा फडका थांबला.

"कोण?"

"मी."

मग सगळं सांगितलं. नारळ कुठं फोडायची, किती वर्षं फोडला, उस्तादानं वास कसा घेतला. चावी काढून घेतली तेव्हा हीच माणसं होती, म्हणून त्यांना एकेकाला बघून सांगितलं, बालाजीची काही चूक नव्हती, त्यानं केबल तापते हेही मला सांगितलं होतं. आंबील किती ते कोणी विचारलं नाही. तरी सांगितलं. दोन तांबे.